कपाशीच्या मुलखातून नागद्वारीला

वर्धा शहर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरसुद्धा उंच नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला, कारंजा-आर्वीच्या बाजूने, सातपुड्याच्या काही फांद्या खाली उतरल्या आहेत. त्यातल्या जैतगडाची उंची जुन्या गॅझेटियरात २०८६ फूट दिलेली आहे, आणि आमच्याकडे तेवढीच पुष्कळ. बाकी सगळा काळ्या मातीचा सपाट पसारा. कपाशी, तूर, सोयाबीन. इथला माणूस सुट्टीत डोंगर चढायला निघाला म्हटलं की पुण्या-मुंबईचे मित्र लगेच हरिश्चंद्रगड, राजगड अशी नावं घेतात. वर्धेकरांचा डोंगर मात्र सह्याद्रीत नाही. तो मध्य प्रदेशात, पचमढीला आहे. तिथे जाण्याला गावाकडे कुणी ट्रेकिंग म्हणत नाही. 'महादेवाले जाऊन आलो' किंवा 'नागद्वारी केली', एवढंच म्हणतात. सह्याद्रीत पाठीवर महागडी सॅक घेऊन हिंडणाऱ्या कुणालाही घाम फोडील अशी ही चाल आमच्याकडचे शेतमजूर वर्षानुवर्षं साध्या चपलांवर करत आले आहेत, आणि त्याबद्दल प्रवासवर्णनांत फारसं काही सापडत नाही.

पचमढीच्या यात्रा दोन. महाशिवरात्रीची चौरागडाची, आणि नागपंचमीच्या आधीची नागद्वारीची. चौरागडावर नवसाचे त्रिशूळ वाहतात. खांद्यावर त्रिशूळ घेऊन सुमारे १३०० पायऱ्या चढायच्या. काही त्रिशूळ इतके जड की आठ-दहा जण आळीपाळीने वाहून नेतात. शिखरावर त्या त्रिशुळांचं अक्षरशः रान माजलं आहे. (नरसिंहपूर जिल्ह्यात गोंड राजांचा चौरागड नावाचा किल्ला आहे, तो वेगळा. दोन्हींची गल्लत पुष्कळ जण करतात.) नागद्वारीचं तसं नाही. तिथे बांधीव पायऱ्यांची सलग वाट नाही. ही वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते, आणि यात्रेचे दहा-एक दिवस सोडले तर वर्षभर बंद असते. म्हणजे जायचं तर भर पावसाळ्यातच जायचं.

तिथीची एक गंमत आहे. यात्रा सुरू होते तेव्हा आपल्या पंचांगात आषाढ वद्य चालू असतं आणि तिथल्या फलकांवर श्रावण लागलेला असतो, कारण तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो. नागपंचमी मात्र दोघांची एकाच दिवशी येते. शेतीच्या हिशेबानेही हे दिवस नेमके सापडतात. मृगात-आर्द्रात पेरणी झालेली असते, डवरणाचा पहिला फेर आटोपलेला असतो, खताचा हप्ता टाकलेला असतो, आणि पोळा अजून दूर असतो. महाशिवरात्रीलाही तेच, कापूस वेचून झालेला, हरभरा-गहू काढणीच्या वाटेवर. शेतकऱ्याला वर्षात चार दिवस मोकळे मिळायचे ते याच दोन फटींत. नवस, श्रद्धा हे सगळं आहेच, पण नागद्वारी ही विदर्भातल्या खेड्यांची हक्काची सुट्टी आहे असं मला वाटतं. बायकांची तर नक्कीच. घरच्या रांधण्या-झाडण्यातून दोन-तीन दिवस सुटका, आणि तीही देवाच्या नावाने, त्यामुळे कुणी नाही म्हणू शकत नाही.

वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. तिथून सावनेर, सौंसर, छिंदवाडा. पुढे परासिया, तामिया, देलाखारी, मटकुली आणि मग पचमढीचा घाट. यात्रेच्या काळात नागपूरहून खास बसगाड्या सुटतात. ज्यांना रेल्वे बरी वाटते ते इटारसीवरून पिपरियाला उतरतात आणि तिथून पन्नासेक किलोमीटर रस्त्याने वर येतात. मी सडकेनेच जायचं ठरवलं, कारण या सडकेवर सातपुडा कसा चढत जातो ते कळतं. सौंसरपर्यंत पाट्या हिंदीत आणि चहावाला मराठीत, असा प्रकार चालतो. सौंसर आणि पांढुर्णा हा मराठी बोलणारा पट्टा. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. छिंदवाड्यानंतर मराठी विरळ होते, तामियाला दरीतून ढग वर येताना दिसतात आणि मटकुलीच्या पुढे देनवा नदी ओलांडली की गाडी दुसऱ्या गिअरवर येते.

ही सीमा तशी परवाची. मध्य प्रांत १८६१ साली झाला, वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा निघाला, आणि नागपूर ज्या प्रांताची राजधानी होतं त्याच प्रांताची उन्हाळी राजधानी पचमढी होती. नागपूर तापलं की सरकार इथे वर येई. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा महादेव परराज्यात राहिला. यात्रेवर त्याचा काडीचा परिणाम झाला नाही. पचमढीच्या बाजारात श्रावणात मराठी इतकी ऐकू येते की आपण आर्वीच्या आठवडी बाजारात आहोत असं वाटावं. नद्यांनी तर ही सीमा कधीच मानली नाही. ज्या वर्धा नदीवरून जिल्ह्याला नाव मिळालं ती सातपुड्यातच, मुलताईच्या परिसरात उगम पावते.

पचमढीचा इतिहास सांगताना कॅप्टन जेम्स फोर्सिथचं नाव येतंच. त्याचा बायसन लॉज अजून उभा आहे, आणि १८७१ साली निघालेलं त्याचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक या डोंगरांवरचं जुनं इंग्रजी साधन म्हणून आजही चाळलं जातं. पचमढी त्याने 'शोधली' असं मात्र सरकारी पत्रकांतही छापलेलं असतं. ते मला पटत नाही. तो येण्याआधीपासून इथे कोरकू आणि गोंड राहत होते आणि महादेवाची जत्रा भरत होती. त्या काळी अशा जत्रांतून पटकीची साथ गावोगाव पसरे. आज वाटेवर पाण्याच्या टाक्या आणि औषधोपचाराची ठाणी दिसतात, त्यामागे तो अनुभव आहे.

नागद्वारीसाठी पचमढीतून धूपगडाच्या रस्त्याने जलगलीपर्यंत गाड्या जातात. यात्रेत खासगी वाहनं आत सोडत नाहीत, भाड्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून जावं लागतं. जलगलीला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. धुकं एवढं की पुढच्या माणसाच्या पाठीवरचा निळा मेणकापडाचा तुकडा तेवढा दिसत होता. देवळीकडचा एक जथा भेटला. दहा-बारा माणसं, त्यात निम्म्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढे साठी ओलांडलेले एक काकाजी. ते दरसाल येतात. माझ्या पायांकडे पाहून त्यांनी विचारलं, "भाऊ, बूट भारीचा दिसते, पण धरते का?" धरतो की नाही ते पुढच्या अर्ध्या तासात कळणार होतं.

इथली पहिली अडचण अशी की वाट आधी उतरते. आपण पठाराच्या काठावर उभे असतो, देव खाली दऱ्यांत आहे. चढायला आलेला माणूस उताराने सुखावतो आणि भराभर पावलं टाकतो. पण पावसात हा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो. लाल-पिवळसर मातीचा चिखल, त्यातून वर आलेली सालवृक्षांची मुळं, आणि मधेच पाण्याने गुळगुळीत झालेले खडक. सातपुड्यात साल आणि साग यांची सरहद्द जवळजवळ याच भागात येते. पचमढीचं सालवन हे सालाच्या मुख्य पट्ट्यापासून तुटून पडलेलं बेट आहे. आमच्याकडच्या बोर व्याघ्र प्रकल्पात सागाचंच राज्य, त्यामुळे सालाचा तो सरळसोट उंच बुंधा आणि खालचा दमट काळोख डोळ्यांना नवा वाटतो.

खडकाचं थोडं सांगायला हवं, कारण या वाटेची सगळी अवघडी त्यात आहे. वर्ध्याची काळी माती ज्या कातळातून झाली तो दख्खनचा काळा पाषाण, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पचमढीचा वालुकाश्म त्याहून कितीतरी म्हातारा, वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. लाव्ह्याच्या कातळावर पाणी वरून वाहून जातं. वालुकाश्म पाणी पितो, भेगांतून झिरपू देतो, आतून झिजतो. म्हणून इथे उभे कडे, अरुंद घळी आणि जागोजाग गुहा आहेत. काही गुहांत आदिमानवाची चित्रंही आहेत. कोरडा असताना हा खडक खरखरीत असतो आणि पाय छान धरतो; पण पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा पातळ थर चढतो, आणि मग भारी बूट, रबरी चपला, अनवाणी पाय, सगळ्यांची लायकी सारखीच. काकाजी अनवाणी होते. चपला त्यांनी कंबरेच्या पंचाला बांधल्या होत्या.

वाटेवरच्या ठाण्यांची नावं ऐकायला मोठी छान आहेत: काळाझाड, भजियागिरी, काजरी, चिंतामणी, पश्चिमद्वार, स्वर्गद्वार, नंदीगड. सात डोंगर ओलांडावे लागतात असं लोक म्हणतात. मोजायला गेलं तर कुठला डोंगर कुठे संपला ते कळत नाही, पण उतार-चढाव-उतार असं इतक्या वेळा होतं की सातावर हरकत घेण्याची ताकद कुणात उरत नाही. वाट बारा किलोमीटरची सांगतात. सपाटीवरचे बारा किलोमीटर म्हणजे वर्ध्याहून सेवाग्रामला जायचं आणि वर फिरायला थोडं उरायचं. इथे मात्र सगळी ठाणी करून परत यायला बहुतेकांना दोन दिवस लागतात.

काजरी गावाची कथा काकाजींच्या जथ्यातल्या एका बाईंनी चालता चालता सांगितली. मूल व्हावं म्हणून इथल्या एका बाईने नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन असा नवस बोलला. मूल झालं. ती काजळ घेऊन आली, पण समोर नागाचं ते विराट रूप पाहून तिचा तिथेच प्राण गेला. तिच्या काजळावरून गावाला नाव पडलं. कथा सांगणाऱ्या बाईंनी शेवटी जोडलं, "नवस बोलाचा तं पुरा इचार करून बोलाचा, बाबू." त्यांचा स्वतःचा नवस कशाचा होता ते मी विचारलं नाही. नागद्वारीला संतानासाठी येणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे, आणि काखेत वर्ष-दीड वर्षाचं पोर घेऊन त्या घसरड्या वाटेने उतरणाऱ्या आयाही दिसत राहतात. श्रद्धेचा मान राखूनही हे मला पाहवत नव्हतं. एवढं लहान मूल या वाटेवर आणू नये.

खरी कसोटी लोखंडी शिड्यांवर. जिथे कडा उभाच आहे तिथे शिड्या बसवल्या आहेत. काही इतक्या उभ्या की वर चढणाऱ्याची टाच खालच्याच्या कपाळाशी येते. दांडे ओले, हात थंड, आणि वरून-खालून दोन्हीकडून माणसं. मधे थांबायचं म्हटलं तर मागची रांग थांबते. अशा जागी कुणीतरी 'हर बोला' अशी आरोळी ठोकतो आणि दरीभर 'हर हर महादेव' उठतं. दूरवर ऐकताना ती निव्वळ भक्ती वाटते. शिडीवर उभं राहिल्यावर कळतं की तिचा उपयोगही आहे. आरोळीबरोबर सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो, पाय एकदम उचलला जातो आणि रांग एका लयीत सरकते. बैलगाडी चिखलातून काढताना गावात जे करतात तेच. माझ्या पुढच्या शिडीवर एका तरुण मुलीचे पाय लटपटले, तिला पुढे जाववेना. खालून कुणी ओरडलं नाही. काकाजींनी तिला एवढंच म्हटलं, "घाई कायची हाय, बाई? गुफा काई पळून नाई चालली." मागची शे-दोनशे माणसं पावसात उभी राहिली. ती उतरली. शहरातल्या कुठल्या रांगेत हा धीर दिसेल असं मला वाटत नाही.

नागद्वारीची गुहा अरुंद आहे. वाकून, अंग चोरून आत जायचं, डोक्यावर थेंब पडत असतात. आत पद्मशेषाची पूजा होते. शेंदूर, नारळ, फुलं, उदबत्तीचा धूर आणि ओल्या कपड्यांचा वास. दर्शन म्हणाल तर काही क्षणांचं. मागचा माणूस पुढे ढकलतो, पुजारी हात करतो, आणि आपण बाहेर. एवढ्यासाठी एवढं चालायचं का, असा प्रश्न शहरी माणसाच्या मनात येतो; माझ्याही आला. पण दर्शनानंतर जथ्यातली माणसं जी हसू लागली, एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली, ते पाहता प्रश्न विचारायचं राहून गेलं. चिंतामणीची गुहा याहून मोठी, शंभरेक फूट लांब. तिच्यात नागदेवाच्या कितीतरी मूर्ती आहेत. तिथून अर्ध्या किलोमीटरवर स्वर्गद्वार. स्वर्गद्वाराकडे जाताना धुकं क्षणभर फाटलं आणि समोर सातपुड्याच्या रांगा एकामागे एक उलगडल्या. सगळ्या प्रवासात लांबवरचं दिसलं ते तेवढंच. पावसाळ्यात या वाटेवर देखाव्यासाठी येणाऱ्याची निराशा होते.

रात्र मंडपात काढली. नागपूर आणि विदर्भातली मंडळं इथे ताडपत्रीचे मंडप टाकून दिवसरात्र भंडारा चालवतात. पुरी, आलूची भाजी, खिचडी, कुठे हलवा, आणि सतत चहा. हे सगळं सामान, गॅसच्या टाक्यांपासून तांदळाच्या पोत्यांपर्यंत, माणसांच्या डोक्या-खांद्यावरून इथवर येतं. वाढणाऱ्यांत कोण डॉक्टर, कोण ऑटोवाला ते कळायला मार्ग नाही; सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात. ओल्या सतरंजीवर पाय पसरायला हातभर जागा मिळाली. बाजूला महादेवाची गाणी चालली होती, ढोलकी आणि टाळ्यांवर. एक म्हणायचा, बाकीचे झेलायचे. काकाजी गाण्यात नव्हते. ते पायाला राईचं तेल चोळत पावसाचा अंदाज घेत होते, आणि तोही इथल्या पावसाचा नाही, देवळीच्या. कपाशीत पाणी साचलं असेल का, पोराने धुऱ्याकडची नाली काढली असेल का. फोन लागत नव्हता.

पचमढीला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर्ध्याच्या जवळपास दुप्पट, आणि त्यातला बराचसा याच दोन महिन्यांत. दुसऱ्या दिवशी परतीची चढण त्या पावसात करावी लागली. आदल्या दिवशी जो उतार सहज सुटला होता तो आता उलटा अंगावर आला होता, वाटेचा ओढा झाला होता, आणि वर जाणाऱ्या-खाली येणाऱ्या रांगा एकाच दोन हातांच्या पट्ट्यात घुसत होत्या. या चढाला नुसता दम पुरत नाही. लहान पावलं, काठीवर भार, दर वळणावर श्वास, असा शेतातल्या माणसाचा चालण्याचा ढंग लागतो. निंदणाला वाकून दिवसभर ओळ धरणाऱ्या बायका इथे न थांबता चढत होत्या, आणि व्यायामशाळेत कमावलेले नागपूरचे दोन तरुण कडेला बसून पाणी पीत होते. मी त्या दोघांच्या बरोबरीने बसलो आणि गूळ-फुटाण्यांची पुडी तिघांत संपवली.

कुणाला जायचं असेल तर काही गोष्टी. काठी पचमढीत किंवा वाटेवर मिळते. ती नक्की घ्या. छत्री निरुपयोगी आहे, दोन्ही हात मोकळे हवेत. मेणकापड किंवा रेनकोट, एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, टॉर्च, मिठाच्या-साखरेच्या पुड्या, गुडघ्याचा पट्टा. खाण्याचं ओझं नेऊ नका, मंडपांत उपाशी कुणी राहत नाही. ओढ्याचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी पिऊ नका. वरच्या अंगाला हजारो माणसं आहेत हे लक्षात ठेवा. आणि कचरा परत आणा. दहा दिवसांत लाखो माणसं वाघाच्या जंगलातून जातात, आणि त्यानंतर हे रान वर्षभर बंद राहणार असतं. मागे राहिलेली पिशवी पुढल्या श्रावणापर्यंत तिथेच. या बाबतीत आपल्या यात्रेकरूंचं वागणं अजिबात चांगलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. मंडळं झाडतात, प्रशासन दंडाची भीती घालतं, पण शिडीच्या पायथ्याशी चिप्सच्या पाकिटांचा ढीग होताच.

ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना पावसाचं भय वाटतं त्यांनी नागद्वारीचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी चौरागड आहे. तो डिसेंबर-जानेवारीतही चढता येतो, पायऱ्या बांधलेल्या आहेत, आणि वरून दरी मोकळी दिसते. १३५२ मीटरच्या धूपगडावर, म्हणजे सातपुड्याच्या सगळ्यांत उंच माथ्यावर, तर गाडीच जाते. तेवढाही प्रवास नको असेल तर वर्धा जिल्ह्यातच ढग्याला महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते. पचमढीला जाऊ न शकणारे पुष्कळ जण तिथे जाऊन समाधान मानतात. नागद्वारीच करायची असेल तर नागपंचमीची तारीख आधी पाहा आणि यात्रेच्या पहिल्या चार-पाच दिवसांतला मधला वार धरा. शनिवार-रविवार आणि शेवटचे दोन दिवस शिड्यांवरची रांग तासन्‌तास हलत नाही. परतीच्या गाडीची जागा निघण्याआधीच सांगून ठेवा, कारण परत आल्यावर भांडण्याइतकं अंगात काही उरत नाही.